रशियन वाचकांचे मंडळ : कसे उभे राहिले आणि कशासाठी

‘रशियन साहित्याचं मंडळ? आणि ते आपल्या गावात?’

हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारला की, प्रत्येकाला वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा वार्षिकात एकदाच सविस्तर लिहून टाक, असे आमच्या मराठीच्या मॅडमनी सुचविले. म्हणून हा लेखनप्रपंच. मंडळ कसे सुरू झाले, रशियन पुस्तके वाचताना आपला वाचक कोठे अडखळतो, त्यावर आम्ही काय उपाय केले आणि या उद्योगात एक अवघड प्रश्न आमच्यापुढे कसा उभा राहिला, हे सारे यात सांगायचे आहे. उद्या कोणाला बंगाली, उर्दू किंवा आणखी कोणत्या साहित्याचे मंडळ काढावेसे वाटले, तर यातले चार शब्द त्यांच्याही उपयोगी पडतील.

सुरुवात झाली ती एका पत्र्याच्या ट्रंकेपासून.

माझे आजोबा मुंबईला गिरणीत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात जे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतलेच ते एक. संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. आजोबा वळकटी आणि ट्रंक घेऊन सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले ते कायमचे. ट्रंकेत भांडीकुंडी असतील, असे आजीला वाटले होते. निघाली पुस्तके! मॉस्कोत छापलेली, जाड पुठ्ठ्याची, काही मराठी, काही हिंदी आणि थोडी इंग्रजी. त्या काळी कामगार वस्तीत रशियन पुस्तकांची प्रदर्शने लागत आणि चहा-भज्यांच्या खर्चात एखादे भलेमोठे पुस्तक हाती पडे. इंग्रजी पुस्तके आजोबांना वाचता येत नव्हती. ‘मग घेतली कशाला?’ असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, ‘‘तुझ्या बापाला येईल वाचाया, म्हनून घेतली.’’ बापाने ती वाचली नाहीत. चाळीस वर्षे ट्रंक माळ्यावर पडून राहिली.

जून २०२४ मध्ये घराच्या डागडुजीसाठी माळा रिकामा करायचा ठरला आणि ट्रंक रद्दीवाल्याला द्यायचे नक्की झाले. भावही ठरला, किलोवर. मी सहज एक पुस्तक उचलले. चेकॉव्हच्या गोष्टींचे होते. पहिलीच गोष्ट उघडली ती ‘वान्का’. १८८६ सालची ही गोष्ट जेमतेम चार-पाच पानांची आहे. नऊ वर्षांचा एक पोरका मुलगा मॉस्कोत एका चांभाराकडे काम शिकायला ठेवलेला असतो. नाताळच्या आदल्या रात्री मालक बाहेर गेल्याचे पाहून तो चोरून आपल्या आजोबांना पत्र लिहितो. मला येथे मारतात, पोटभर खायला देत नाहीत, मला घेऊन जा, असे विनवतो. पत्र पाकिटात घालतो आणि पत्त्याच्या जागी गावाचे नावसुद्धा न घालता आजोबांचे नाव तेवढे टाकतो. मग आनंदाने धावत जाऊन ते पेटीत टाकतो आणि आजोबा पत्र वाचत असल्याचे स्वप्न पाहत झोपी जातो. संपली गोष्ट.

संध्याकाळी ती मी आजोबांना वाचून दाखविली. त्यांचे डोळे आता अधू झाले आहेत. शेवटचे पान उलटायच्या आधीच ते म्हणाले, ‘‘पोचलं न्हाई त्या पोराचं पत्र.’’ चाळीस वर्षांपूर्वी वाचलेली गोष्ट त्यांना पुरती आठवत होती.

ट्रंक रद्दीत गेली नाही. पण पुस्तके वाचविणे वेगळे आणि ती वाचणे वेगळे, हे माझ्या लवकरच ध्यानात आले. एकटीने पन्नास पाने वाचावीत, नावांच्या गुंत्यात अडकावे आणि पुस्तक मिटावे, असे दोन-तीनदा झाले. सोबत हवी होती. तेव्हा मंडळाची कल्पना सुचली.

मंडळ म्हणजे वर्तुळच

पुढे मॅडमनी एक गमतीची गोष्ट सांगितली. रशियन भाषेत वर्तुळाला ‘क्रुग’ म्हणतात आणि लहानशा वर्तुळाला ‘क्रुझोक’. हाच शब्द तेथे वाचकांच्या, विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाला वापरतात. आपल्या ‘मंडळ’ शब्दाचा मूळ अर्थही वर्तुळच! म्हणजे आम्ही काही अघटित करीत नव्हतो. रशियन साहित्य वाढले तेच मुळी अशा वर्तुळांत.

१८१५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘अर्झामास’ नावाची मंडळी जमू लागली. झुकोव्हस्की त्यात होता, कोवळ्या वयाचा पुश्किनही होता. जुनाट, बोजड भाषेच्या कैवाऱ्यांची टर उडविणे हा त्यांचा आवडता उद्योग. अर्झामास हे गाव हंसबदकांसाठी प्रसिद्ध, म्हणून बैठकीनंतरच्या जेवणात भाजलेले हंसबदक असे. १८३० नंतरच्या दशकात मॉस्को विद्यापीठातल्या स्तांकेविच या विद्यार्थ्याभोवती असेच वर्तुळ जमले. बेलिन्स्कीसारखा पुढे मोठा झालेला टीकाकार त्यातून घडला. स्तांकेविच स्वतः १८४० मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला. त्याच्या नावावर ग्रंथसंपदा अशी फारशी नाही. त्याने माणसे जमविली, हेच त्याचे काम.

आणि मग पेत्राशेव्हस्कीचे वर्तुळ. दर शुक्रवारी त्याच्या घरी तरुण मंडळी जमत आणि सरकारने बंदी घातलेली पुस्तके वाचीत. त्यांत डोस्टोव्हस्की होता. बेलिन्स्कीने गोगोलला लिहिलेले एक जळजळीत पत्र त्याने बैठकीत मोठ्याने वाचून दाखविले. तेवढ्यावरून त्याच्यावर मुख्य आरोप ठेवण्यात आला. एप्रिल १८४९ मध्ये सर्वांना पकडले आणि २२ डिसेंबर रोजी सेम्योनोव्हस्की चौकात बंदुकांसमोर उभे केले. पहिल्या तिघांना खांबांना बांधले. डोस्टोव्हस्की पुढच्या तिघांत होता. ऐन वेळी झारची माफी वाचून दाखविण्यात आली. हे सारे आधीच ठरविलेले नाटक होते! डोस्टोव्हस्कीला मग सायबेरियात ओम्स्क येथे चार वर्षे सक्तमजुरी झाली.

एक पत्र मोठ्याने वाचले म्हणून! हे ऐकल्यापासून आमच्या बैठकीत उशिरा येणाऱ्याला आम्ही एवढेच म्हणतो, ‘‘बाबा रे, लोकांनी याच्यासाठी काय काय सोसलं!’’

पहिली बैठक : एक फजिती

रशियन मंडळी हुशार होती, ती घरात जमली. आम्ही मात्र थाटात उद्घाटन करायला निघालो. नगर वाचनालयाचे सभागृह मागून घेतले, साठ खुर्च्या मांडल्या, फळा रंगविला, पाहुणे ठरविले, पन्नास सामोसे सांगितले. सकाळी पाहुण्यांचा निरोप आला की, जमत नाही. संध्याकाळी हजर माणसे पाच. मी, माझी वर्गमैत्रीण, मॅडम, वाचनालयाचे शिपाईकाका आणि ‘मी फक्त सामोसे पोचवायला आलोय’ असे सांगणारा एक मुलगा. तो मुलगा पुढे आमचा नियमित सभासद झाला, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी जे शिकलो ते असे. उद्घाटन करू नये, नुसते सुरू करावे. खुर्च्या मांडू नयेत, सतरंजी घालावी, कारण सतरंजीवर पाच माणसेही भरलेली दिसतात. आणि भाषण अजिबात ठेवू नये. दुसऱ्या रविवारी आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत ‘वान्का’ वाचली. वाचायला वीस मिनिटे लागली, बोलण्यात दीड तास गेला. हॉटेलात काम करणाऱ्या पोरांचा विषय निघाला, ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांच्या शाळेचा विषय निघाला. रशिया कोठे राहिला, कोणाला कळले नाही. मला वाटते, मंडळ सुरू झाले ते त्या दिवशी.

नावांची भीती

रशियन कादंबरी मध्येच सोडणाऱ्यांना कारण विचारले, तर दहांपैकी आठ जण सांगतील, ‘नावे लक्षात राहत नाहीत.’ एकाच माणसाला तीन पाने तीन नावांनी हाक मारतात, मग वाचकाला वाटते की ही तीन माणसे आहेत.

खरे म्हणजे मराठी माणसाने या नावांना भिण्याचे काहीच कारण नाही. आपण कसे नाव लिहितो? स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. गोपाळ गणेश आगरकर. रशियन माणूसही नेमके असेच लिहितो. आंतोन पाव्हलोविच चेकॉव्ह म्हणजे पावेलचा मुलगा आंतोन, आडनाव चेकॉव्ह. मुलगा असेल तर वडिलांच्या नावाला ‘ओविच’ किंवा ‘एविच’, मुलगी असेल तर ‘ओव्हना’ किंवा ‘एव्हना’. इवानचा मुलगा इवानोविच, इवानची मुलगी इवानोव्हना. आडनावही बाईचे असेल तर बदलते. नवरा कारेनिन, बायको कारेनिना.

आता हाक मारण्याचे. परक्या किंवा मानाच्या माणसाला नाव आणि वडिलांचे नाव जोडून हाक मारायची. हा त्यांचा ‘राव’ आणि ‘पंत’. घरच्या माणसाला लाडके नाव. आपल्याकडे सदाशिवचा सदू होतो, तसा त्यांच्याकडे अलेक्झांडरचा साशा, दिमित्रीचा मित्या, मारियाची माशा आणि इवानचा वान्या होतो. वान्याला आणखी खाली ओढले की वान्का. गोष्टीतल्या त्या पोराचे नावच त्याची पायरी सांगते. एवढे कळले की, कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो, यावरूनच दोघांचे नाते समजते. आम्ही प्रत्येक पुस्तकाआधी फळ्यावर नावांचा तक्ता काढतो, लग्नातल्या मानपानाच्या यादीसारखा. भीती निम्मी तेथेच जाते.

आणखी एक सोय आपल्याला आहे. रशियन भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आहे. दोन माणसे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आली, हा कादंबरीत मोठा प्रसंग असू शकतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे इंग्रजी भाषांतरात ही खूण पुसली जाते. मराठीत ती जशीच्या तशी ठेवता येते. पण आपली पुष्कळ भाषांतरे इंग्रजीवरून झाली, तेव्हा तेथे भाषांतरकाराला अंदाजानेच ‘तू’ की ‘तुम्ही’ ठरवावे लागते. आम्ही एकच गोष्ट मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतरांतून वाचतो आणि कोठे काय निसटले ते शोधतो. भाषांतर या विषयाचा अभ्यास असणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा खेळ जरूर करून पाहावा.

शिंपीकाका आणि गोगोलचा ओव्हरकोट

मंडळ कॉलेजपुरते ठेवायचे नाही, हे आम्ही दुसऱ्या महिन्यात ठरविले. एक निवृत्त पोस्टमास्तर आले, आशावर्कर असलेल्या एक ताई आल्या आणि बाजारपेठेतले एक शिंपीकाका आले. काका सातवीपर्यंत शिकलेले. ते आले ते गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या गोष्टीसाठी, आणि त्या दिवशी त्यांनी आम्हां सर्वांना शिकविले.

ही गोष्ट १८४२ मध्ये प्रसिद्ध झाली. अकाकी अकाकियेविच नावाचा एक कारकून कचेरीत कागदांच्या नकला करतो. पीटर झारने १७२२ साली सरकारी नोकरांच्या चौदा पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. अकाकी त्यांत नवव्या पायरीवर अडकलेला. वर्षाचा पगार चारशे रूबल. पीटर्सबर्गच्या थंडीत त्याचा जुना कोट झिजून जाळी झाला आहे. शिंपी पेत्रोविच तो दुरुस्त करायला नकार देतो आणि नव्याचे दीडशे रूबल सांगतो. शेवटी ऐंशीवर येते. अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, चपलेचे तळ झिजू नयेत म्हणून जपून पाऊल टाकतो. कोट होतो, एक दिवस अंगावर राहतो आणि त्याच रात्री चोर तो ओरबाडून नेतात. दाद मागायला गेलेल्या अकाकीला एक बडा अधिकारी असा झापतो की, तो घरी येऊन तापाने मरतो.

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी नोकरशाही, व्यंग्य, करुणरस असे मोठमोठे शब्द घेऊन बसलो होतो. शिंपीकाकांनी मध्येच विचारले, ‘‘अस्तर कशाचं घातलं म्हणालात?’’ आम्ही पान उलटून पाहिले. जाड, चांगल्या प्रतीचे सुती अस्तर. ‘‘आणि शिवण?’’ रेशमी दोऱ्याची, बारीक, दुहेरी. ‘‘मजुरी?’’ बारा रूबल. काका जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘मग तो शिंपी इमानी होता. दारूडा असंल, पण इमानी होता. गिऱ्हाईक गेल्यावर रस्त्यावर जाऊन लांबनं बघितलंय त्यानं कोटाकडं. मीबी बघतो. पैशासाठी कोण बघत नाही तसं.’’

गोष्टीत खरेच पेत्रोविच रस्त्यावर येऊन आपण शिवलेल्या कोटाकडे पाहत राहतो. आमच्यापैकी कोणाचेही त्या ओळीकडे लक्ष गेले नव्हते. कोट चोरीला गेला तेव्हा नुकसान दोघांचे झाले, हे काकांनी दाखविले. मंडळ गावासाठी खुले का ठेवावे, याचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

आपला आणि रशियाचा संबंध

‘हे सारे परके आहे,’ अशी तक्रार करणाऱ्यांसाठी थोडे जुने धागे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी घोडा विकायला म्हणून समुद्रमार्गे चौलला उतरला आणि तेथून जुन्नर, बिदरला गेला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. जुन्नरच्या चार महिने चालणाऱ्या पावसाची आणि चिखलाची नोंद त्याने आपल्या प्रवासवृत्तात केली आहे. रशियन भाषेत सह्याद्रीचा पाऊस साडेपाचशे वर्षांपूर्वी पोहोचला तो असा!

टॉलस्टॉय आणि गांधीजी यांचा पत्रव्यवहार १९०९-१० मधला. साने गुरुजींनी टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथ मराठीत आणला. पु. ल. देशपांड्यांचे ‘अंमलदार’ पाहून आपण पोट धरून हसतो, ते नाटक गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चे रूपांतर आहे. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या माणसाने स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, १९६१ साली रशियाला जाऊन आला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. आमच्या आजोबांनी अण्णा भाऊंचे कार्यक्रम ऐकलेल्या माणसांबरोबर गिरणीत काम केलेले. त्यामुळे आमच्या घरात रशिया हा शब्द देशाचा म्हणून नव्हे, एका आशेचा म्हणून वापरला जाई.

आणि नेमका येथेच अवघड प्रश्न उभा राहिला.

ट्रंकेत नसलेली पुस्तके

डिसेंबरच्या बैठकीत एका विद्यार्थ्याने सरळ विचारले, ‘‘२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर मोठं आक्रमण केलं. तिथं माणसं मेली, शहरं पडली. अशा देशाच्या साहित्याचं मंडळ आपण काय म्हणून चालवायचं?’’

खोली शांत झाली. कोणी म्हणाले, लेखकाचा सरकारशी काय संबंध? दुसऱ्याने उलट विचारले, साम्राज्याचे गोडवे गाणारे कवी रशियात झालेच नाहीत का? दोन्ही म्हणणी खरी होती. मॅडमनी निकाल दिला नाही, काम दिले. ‘‘ट्रंकेत कोणती पुस्तकं नाहीत, ती यादी करून आणा.’’

ती यादी करताना माझे डोळे उघडले. आजोबांच्या ट्रंकेत गॉर्की होता, चेकॉव्ह होता, टॉलस्टॉय होता. पण १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेलेला कवी मांदेलश्ताम नव्हता. १९५८ मध्ये नोबेल पारितोषिक नाकारायला लावलेला पास्तरनाक नव्हता. १९७४ मध्ये देशाबाहेर घालविलेला सोल्झेनित्सिन नव्हता. आणि आन्ना आख्मातोवा नव्हती. मुलाला अटक झाल्यावर तुरुंगाच्या दारात रांगा लावणाऱ्या या बाईने ‘रेक्विएम’ हे दीर्घकाव्य रचले. कागदावर ठेवणे धोक्याचे, म्हणून ती चिठोऱ्यावर ओळी लिही, मैत्रीण वाचून पाठ करी आणि चिठोरा रक्षापात्रात जाळला जाई. असे ते काव्य काही माणसांच्या डोक्यात वर्षानुवर्षे राहिले. १९६३ मध्ये ते म्युनिकला छापले गेले, तिच्या स्वतःच्या देशात १९८७ मध्ये. इंद्रायणीत बुडविलेली तुकोबांची गाथा लोकांच्या मुखात तरली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. येथे ते आपल्या आजोबांच्या हयातीत घडले होते.

यादीत आणखी एक नाव आले, तारास शेव्चेन्को. हा युक्रेनियन कवी. १८१४ मध्ये भूदास म्हणून जन्मला. १८३८ मध्ये अडीच हजार रूबल भरून त्याची सुटका करण्यात आली. १८४७ मध्ये झारने त्याला हद्दपार केले आणि लिहिण्यास व चित्रे काढण्यास बंदी घातली. गोगोलही युक्रेनमध्येच जन्मलेला, पण त्याने रशियनमध्ये लिहिले. एका भाषेच्या सावलीत दुसरी भाषा कशी दबते, हे मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही.

मंडळाने मग एकमताने दोन गोष्टी ठरविल्या. पहिली, दर सत्रात एक बैठक रशियाच्या सत्तेखाली दबलेल्या इतर भाषांतल्या लेखकांची. दुसरी, लेखकाबद्दलचा आदर त्याच्या देशाच्या सरकारला उधार द्यायचा नाही. प्रश्न विचारणारा विद्यार्थी मंडळ सोडून गेला नाही. शेव्चेन्कोवर त्यानेच टिपण वाचले.

माझ्यापुढे मात्र वेगळेच संकट होते. हे आजोबांना सांगायचे कसे? ज्या देशाच्या नावावर त्यांनी आयुष्यभर भरवसा ठेवला, ज्याची पुस्तके त्यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतली, त्या देशाने आपल्याच कवींचे काय केले, हे नातीने सांगायचे? महिनाभर टाळले. मग एका रात्री आख्मातोवाची सारी हकीकत सांगितली. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘‘आमास्नी हे कुनी सांगितलं न्हाई.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘आनि सांगितलं असतं, तर आमी ऐकलं नसतं.’’ मी उठू लागले तेव्हा पुन्हा म्हणाले, ‘‘पोरी, तीबी पुस्तकं आन. ट्रंकंत ठेव.’’

काढू इच्छिणाऱ्यांसाठी

आता अनुभवाचे चार बोल.

पहिली बैठक लघुकथेची ठेवावी. ‘वॉर अँड पीस’ने सुरुवात करणारी मंडळे दुसऱ्या आठवड्यात संपतात. चेकॉव्ह, मग गोगोल, मग टॉलस्टॉयच्या छोट्या गोष्टी, आणि सहा महिन्यांनंतर एखादी मोठी कादंबरी, असा क्रम आम्हांला मानवला. गोष्ट बैठकीतच मोठ्याने वाचावी. घरी वाचून या म्हटले की, न वाचलेली माणसे संकोचाने येत नाहीत.

वाचणारा दर वेळी बदलावा. बोलण्याची पहिली संधी सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला द्यावी, प्राध्यापकांना सर्वांत शेवटी. (आमच्या मॅडमनी हा नियम स्वतःच घालून दिला, हे नमूद केले पाहिजे.) पुस्तकांची नोंदवही ठेवावी. आमची दोन पुस्तके नोंद न केल्यामुळे गेली, ती अजून परत यायची आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी हा मजकूर वाचून लाजावे!

फळ्यावर नावांच्या तक्त्याखाली मापे लिहून ठेवावीत. एक वर्स्ट म्हणजे किलोमीटरहून किंचित जास्त, एक पूड म्हणजे सुमारे सोळा किलो. १९१८ पर्यंत रशियाची दिनदर्शिका मागे होती, एकोणिसाव्या शतकात बारा दिवस आणि विसाव्यात तेरा. म्हणूनच तेथली ऑक्टोबर क्रांती आपल्या ७ नोव्हेंबरला येते. अशा बारीक गोष्टी आधी उलगडल्या की गोष्ट वाचताना ठेच लागत नाही.

वर्गणी महिना दहा रुपये, तीही चहापुरती. रशियात समोवारमध्ये पाणी उकळत ठेवतात, त्याच्या डोक्यावरच्या किटलीत कडक चहाचा अर्क असतो आणि ज्याला जसा हवा तसा तो पाणी घालून घेतो. काही जण साखरेचा खडा दातांत धरून वर चहा पितात. आमच्याकडे समोवार नाही. शिपाईकाकांचे अॅल्युमिनियमचे पातेले आहे, आणि साखरेऐवजी गुळाचा खडा. चव सारखीच लागत असावी, असा आमचा समज आहे.

आज मंडळात एकूण चौदा जण आहेत. त्यांतले नऊ नियमित येतात. गेल्या मार्चमध्ये आम्ही एक बैठक आमच्या ओसरीवर घेतली, कारण आजोबांना वाचनालयापर्यंत चालवत नाही. त्यांच्याच आग्रहावरून पुन्हा ‘वान्का’ वाचली. या वेळी वाचली ती सामोसे घेऊन आलेल्या त्या मुलाने. शेवट आला तेव्हा सगळे आजोबांच्या तोंडाकडे पाहू लागले. पोस्टमास्तर म्हणाले, ‘‘अर्धवट पत्त्याची पत्रं आमच्याकडेही यायची. नावावरून, गावावरून शोधत शोधत पुष्कळ पोचवली आम्ही.’’

आजोबा हसले. म्हणाले, ‘‘मग पोचलं म्हना की.’’

मित्रहो, दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, नगर वाचनालयाच्या मागच्या खोलीत. चपला बाहेर काढाव्यात. रशियन येण्याची अट नाही.